ढिगाऱ्यातून वाचलेले मूल

भिवंडी शहरातील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास कोसळली. इमारत तीन मजली होती आणि माणसे गाढ झोपेत होती. मृतांचा आकडा चाळिसाच्या घरात गेला व त्यांत लहान मुले बरीच होती. अशा प्रसंगी जे गेले त्यांची यादी होते. ज्यांचा हात वा पाय मोडला त्यांची नोंद रुग्णालयाच्या वहीत होते. कोसळलेल्या भिंतींचाही पंचनामा होतो. परंतु ज्या मुलाच्या अंगावर ओरखडाही उमटला नाही, आणि ज्याने अंधारात शेजारच्या घरातील हाका ऐकल्या व त्या हळूहळू बंद होतानाही ऐकल्या, त्याच्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. ‘देवाच्या कृपेने पोर बचावले’ असे म्हणून मोठी माणसे त्याच्या पाठीवरून हात फिरवितात आणि आपापल्या दुःखाकडे वळतात. आज मला बोलावयाचे आहे ते अशा मुलांविषयी, आणि त्यांच्यासाठी जो उपचार सिद्ध झाला आहे तो त्यांच्या दारापर्यंत कसा पोहोचावा ह्याविषयी.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असता, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. ह्या आपत्ती वर्तमानपत्रांत येतात, म्हणून स्मरणात राहतात. न येणाऱ्या आपत्ती ह्याहून कितीतरी अधिक. मी राहतो ते वडपे मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. आमच्याकडे गोदामांकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रांग रात्रंदिवस तुटत नाही. वडिलांच्या दुचाकीवर मागे बसून अपघात पाहिलेले मूल, दारूच्या भरात आईस मारताना पाहिलेले मूल, आणि घरातल्याच माणसाने ज्याच्याशी दुर्वर्तन केले व गप्प राहा म्हणून दटावले ते मूल, ही सर्व एकाच जातीच्या जखमेने पीडित असतात.

ह्या जखमेस आघात म्हणतात, आणि ती ओळखावी कशी हे प्रथम सांगणे अवश्य आहे. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही आठवडे बहुतेक सर्व मुले घाबरतात, रात्री दचकून उठतात, आईचा पदर सोडीत नाहीत. ह्यात रोग असा काही नाही. घर, शाळा, वेळेवर जेवण आणि जवळचे माणूस एवढे मिळाले की त्यांपैकी पुष्कळशी आपोआप सावरतात, ही निसर्गाची मोठीच दया होय. परंतु काही मुलांच्या बाबतीत महिना उलटतो, दोन महिने उलटतात, तरी तो प्रसंग मागे सरत नाही. मोठा माणूस आठवण येते म्हणून सांगेल, लहान मूल ती खेळात दाखविते. ते ठोकळ्यांचे घर बांधते आणि पाडते, पुन्हा बांधते आणि पुन्हा पाडते, व त्या खेळात त्याला आनंद होत असल्याचे दिसत नाही. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. दार आपटले की अंग शहारते. त्या रस्त्याने जावयास, त्या माणसाचे नाव घ्यावयास मूल नकार देते. थोडे मोठे असेल तर ते चिडखोर होते, अभ्यासातून मन उडते, आणि वर्गात ते खिडकीबाहेर पाहत बसते. अशा मुलास आळशी, उनाड अथवा मठ्ठ ठरविण्यास शाळेत फारसा वेळ लागत नाही.

घरोघरी ह्यावर उपाय होतात. कोणी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतो, कोणी अंगारा लावतो, कोणी ताईत बांधतो. आजीने जवळ बसवून मीठमोहऱ्या ओवाळल्याने मुलाचे नुकसान होते असे मी म्हणणार नाही. तेवढा वेळ तरी कोणी त्याच्याकडे लक्ष देते. नुकसान होते ते दुसऱ्या एका समजुतीने, आणि ती सुशिक्षित घरांतही तितकीच पक्की आहे. ‘तो विषय त्याच्यासमोर काढू नका, लहान आहे, विसरून जाईल.’ हेतू ममतेचा आहे. परिणाम उलटा होतो. मुलाला एवढेच कळते की ही गोष्ट इतकी भयंकर आहे की मोठी माणसेही तिला भितात. मग ते आईस त्रास होऊ नये म्हणून गप्प बसते, आई मुलास त्रास होऊ नये म्हणून गप्प बसते, आणि एकाच खोलीत दोघे आपापले ओझे एकेकटे वाहत राहतात.

आता उपचाराविषयी. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेत ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो व एस्थर डेब्लिंजर ह्या तिघा तज्ज्ञांनी, प्रथम लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या मुलांसाठी, एक पद्धत बसविली. आपल्या भाषेत तिला ‘आघातकेंद्री विचार-वर्तन उपचार’ म्हणता येईल. नाव अवजड आहे, कृती तशी नाही. साधारण १२ ते १६ बैठकी, आठवड्यास एक. बैठक तासा-दीड तासाची. काही वेळ मुलाबरोबर, काही वेळ त्याच्या पालकाबरोबर. औषधाची गोळी नाही, यंत्र नाही. इंग्लंडमधील ‘नाइस’ ही संस्था सरकारी आरोग्यसेवेस उपचारांविषयी मार्गदर्शन करते. तिने २०१८ मध्ये मुलांसाठी हीच पद्धत पुढे ठेविली आणि अठरा वर्षांखालील मुलांना ह्या विकारासाठी औषधे देऊ नयेत असेही स्पष्ट सांगितले.

ह्या बैठकींत घडते काय, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, भिवंडीतील दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला रेखा म्हणा, रुखसाना म्हणा. इमारत पडली तेव्हा तिच्या हातात धाकट्या भावाचा हात होता आणि तो सुटला. भाऊ वाचला नाही. पहिल्या बैठकीत तिला त्या रात्रीविषयी कोणी काही विचारीत नाही. तिला सांगितले जाते की अशा प्रसंगातून गेलेल्या पुष्कळ मुलांना स्वप्ने पडतात, छाती धडधडते, राग येतो. ह्यास एक नाव आहे आणि हे बरे होते. एवढ्यानेच कित्येक मुलांचा चेहरा उजळतो, कारण तोवर त्यांची समजूत असते की आपल्यालाच वेड लागत आहे. मग शरीर शांत करण्याच्या युक्त्या: पोट फुग्यासारखे फुगवून सावकाश श्वास सोडणे, मुठी आवळून सैल करणे. मग भावनांना नावे देणे. आपल्याकडील मुलांच्या तोंडी ह्या सर्व भावनांसाठी मिळून ‘कसंतरी होतं’ एवढाच शब्द असतो. त्या ‘कसंतरी’मध्ये भीती किती, दुःख किती, लाज किती आणि राग कोणावर, हे वेगळे काढावयास शिकणे हा एक पाठच आहे, आणि तो शिकविणे ही गोष्ट मला भाषेच्या तासापासून फार दूरची वाटत नाही.

ह्यानंतर, मूल तयार झाले म्हणजे, कथनास आरंभ होतो. हा ह्या उपचाराचा गाभा. रेखा आपली हकीकत सांगते, लिहिते अथवा चित्रांत काढते. तीही एकदम नव्हे, प्रकरणाप्रकरणाने. आधी घरातील माणसे, मग त्या संध्याकाळचे जेवण, मग आवाज, मग अंधार. प्रत्येक वेळी थोडे पुढे. आरंभी तिचा थरकाप होतो. चौथ्या-पाचव्या वेळेस तीच ओळ वाचताना आवाज स्थिर राहतो. तत्त्व असे की जी आठवण आपण टाळतो ती तशीच ताजी राहते, मनात केव्हाही घुसते. जी सुरक्षित जागी, विश्वासाच्या माणसासमोर पुनःपुन्हा उघडली जाते तिची धार बोथट होते आणि ती इतर आठवणींप्रमाणे भूतकाळात जाऊन बसते. आणि कथन करताना कधी तरी ते वाक्य बाहेर येते, ज्यासाठी हा सारा खटाटोप: ‘मी हात सोडला म्हणून तो गेला.’ वर्षभर कोणास न सांगितलेले हे वाक्य. समुपदेशक त्यावर ‘छे, छे, तसे नाही’ म्हणत नाही. तो विचारतो, छताचे वजन किती असेल? दहा वर्षांच्या मुलीच्या हातात बळ किती असते? तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असे झाले असते तर तू तिला काय म्हणाली असतीस? उत्तर मुलीस स्वतः शोधू दिले जाते. शेवटी ती ही हकीकत आपल्या आईस वाचून दाखविते, आणि आईची तयारी आधीच्या बैठकींत करून घेतलेली असते, जेणेकरून ती ऐकू शकेल व मुलीपुढे कोसळणार नाही.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी ध्वनिक्षेपक घेऊन येणारे वार्ताहर, अथवा सद्हेतूने आलेले स्वयंसेवक, मुलास ‘तू काय पाहिलेस, सांग’ म्हणतात, त्याचा ह्या कथनाशी काडीचाही संबंध नाही. तयारी नाही, पुढची बैठक नाही, ऐकणारा उद्या येथे असणार नाही. अशा एकवेळच्या उकरण्याने लाभ होत नाही असे दिसून आले आहे आणि ‘नाइस’चा त्यास स्पष्ट विरोध आहे. पहिल्या दिवसांतील खरी मदत निराळी. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. पुढे वाघोली येथे त्यांचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. रोजची घंटा, रोजचा वर्ग, रोजचे ताट ह्यांची बरोबरी त्या काळात कोणताही उपचार करू शकत नाही. ज्यांचे त्यानेही भागत नाही, त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या बैठकी.

मग अडचण कोठे आहे? उपचार ठाऊक आहे, तो स्वस्त आहे, तो तीन-चार महिन्यांत संपतो. अडचण माणसांची आणि अंतराची. आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही पडत नाही, आणि त्यांतही मुलांच्या उपचारात प्रवीण असलेले अगदी मूठभर. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तींत महाराष्ट्र नव्हता. त्या पाहणीत बहुतेक मनोविकारांचे शंभरांतील सत्तर वा त्याहून अधिक रुग्ण उपचारावाचून असल्याचे आढळले. ठाण्यास १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, १९९० मध्ये स्थापन झालेली डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांची मानसिक आरोग्य संस्था आहे. म्हणजे आमचा तालुका त्या मानाने भाग्यवानच. तरीही हिशेब करून पाहा. माजिवड्यापासून वडप्यापर्यंतचा रस्ता सुमारे चोवीस किलोमीटर, आणि त्यावरील वाहनांची कोंडी ज्याने पाहिली आहे तो ते अंतर किलोमीटरांत मोजीत नाही. गोदामात हमाली करणाऱ्या बापास अथवा यंत्रमागावर रोजाने काम करणाऱ्या आईस मुलाला घेऊन ठाण्यास जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. बैठकी सोळा, म्हणजे सोळा दिवसांची मजुरी, सोळा वेळा जाण्यायेण्याचे भाडे, आणि मुलाच्या शाळेचे सोळा खाडे. उपचार फुकट असला तरी तो ह्या घरास परवडत नाही. तिसऱ्या खेपेनंतर ही माणसे येईनाशी झाली तर त्यांना बेफिकीर म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यातून भिवंडीत मुले मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू अशा चार भाषांत स्वप्ने पाहतात. दुःख सांगावयाचे ते घरच्या भाषेत, आणि तज्ज्ञास ती येईलच असे नाही.

तेव्हा मुलाने उपचाराकडे जाण्याऐवजी उपचाराने मुलाकडे आले पाहिजे, आणि ते आणणारे माणूस त्याच वस्तीतले पाहिजे. हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. आफ्रिकेतील झांबिया देशाच्या राजधानीत, लुसाका येथे, ५ ते १८ वर्षांच्या २५७ मुलांवर हा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. मानसोपचाराची पदवी नसलेली, परंतु ह्या एका पद्धतीत नीट शिकविलेली स्थानिक माणसे होती. ज्या मुलांना हा उपचार मिळाला त्यांच्यातील आघाताची लक्षणे सुमारे ८२ टक्क्यांनी उतरली. ज्यांना नेहमीची मदत मिळाली त्यांच्यात सुमारे २१ टक्क्यांनी. पुढे केनिया व टांझानिया येथे आई, बाप वा दोघेही गमावलेल्या ६४० मुलांवर अशाच माणसांकरवी, गटागटाने, हा प्रयोग झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष अधिक सावध आहे: चारपैकी तीन ठिकाणी हा उपचार सरस ठरला, टांझानियाच्या शहरी भागात मात्र नेहमीच्या मदतीहून फरक दिसला नाही, आणि वर्षभराने केनियात लाभ टिकून होता, टांझानियात दोन्ही गट सारखेच झाले. एकाच पुस्तकाने दोन शाळांत दोन निकाल लागावेत तसे हे झाले. तरीही केनियातील बुंगोमा भागात हे काम पुढे शाळांतील शिक्षकांकडे व गावच्या आरोग्य-स्वयंसेवकांकडे सोपविण्यात आले, ही गोष्ट माझ्यासारख्या शाळामास्तरास विशेष वाटते.

आपल्या शेजारी गोव्यातही ह्याचा वस्तुपाठ आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ ह्या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल ह्यांच्या पुढाकाराने, प्रौढांच्या औदासीन्यावर पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकरवी सरकारी आरोग्यकेंद्रांत उपचार करवून दाखविले. तेथील रोगी निराळे व रोग निराळा. तथापि त्यातील एक व्यवस्था उचलण्याजोगी आहे. समुपदेशक आपल्या बैठकी ध्वनिमुद्रित करीत, मग सर्वांनी मिळून त्या ऐकावयाच्या आणि ठरलेल्या कसोट्यांवर एकमेकांस गुण द्यावयाचे. नवशिक्या शिक्षकाच्या पाठाच्या वेळी मागील बाकावर टिपणवही घेऊन बसणारे सहाध्यायी ज्यांस आठवतात त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कोणतीही योजना निघाली की तिचे दोन दिवसांचे शिबिर होते, चहापान होते, प्रमाणपत्र मिळते, आणि ‘प्रशिक्षित’ असा शिक्का बसतो. येथे तसे चालणार नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाने मुलाचे कथन सुरू केले व मध्येच सोडले, तर ती जखम उघडून पट्टी न बांधता निघून जाण्यासारखे होईल. झांबियात काय अथवा गोव्यात काय, यशाचे रहस्य शिबिरात नव्हते; ते पुढे चालणाऱ्या देखरेखीत होते. शिकलेल्याने प्रत्येक मुलाची हकीकत आपल्या वरच्या माणसास सांगावयाची, आणि त्याने त्यावरील तज्ज्ञास. एक तज्ज्ञ सोळा बैठकी घेत बसला तर वर्षात थोडीच मुले हाताळील. तोच तज्ज्ञ पंधरा-वीस माणसांवर देखरेख करील तर त्याच वेळात कित्येक पटींनी अधिक मुलांस लाभ होईल. देखरेखीसाठी त्याने वडप्यास येण्याचीही गरज नाही. फोनवर काम भागते. पैसा वाचवावयाचा असेल तर शिबिराच्या मंडपात वाचवावा.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. करोनाच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने जून २०२१ मध्ये पाच लाख रुपयांच्या मुदतठेवीची योजना केली. ते योग्यच झाले. परंतु ठेव मिळते मूल मोठे झाल्यावर, आणि रात्र येते रोज.

मग भिवंडी तालुक्यात आरंभ कोठून व्हावा? माझ्या मते शाळेतून, परंतु प्रत्येक शिक्षकाकडून नव्हे. सर्व शिक्षकांनी लक्षणे ओळखावयास शिकावे, एवढे पुरे. प्रत्यक्ष बैठकी घेण्यासाठी केंद्रातील दोन-तीन शाळांमागे एक शिक्षिका, आशा कार्यकर्ती अथवा वस्तीतील शिकलेली तरुणी निवडावी. निवडताना तिचे गुणपत्रक पाहू नये, मुले तिच्याजवळ आपण होऊन जातात की नाही ते पाहावे. तिच्या माथ्यावर जनगणना, निवडणूक व पोषण आहाराच्या वह्या असतील तर प्रथम त्यांतील काही उतरवावे. नाही तर बैठक शेवटी त्या वह्यांतच एक रकाना होऊन बसेल. जागा म्हणून शाळेतील एखादी खोली चालेल, जिला दार आहे व जिच्या खिडकीवर इतर मुले लोंबकळत नाहीत. ही अट वाटते तितकी सोपी नाही.

दोन गोष्टी तिला आरंभीच ठाऊक असल्या पाहिजेत. मूल मरणाची भाषा बोलू लागले, अथवा अंगास इजा करून घेऊ लागले, तर ते तिचे काम उरत नाही. त्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला आहे, तेथे विचारता येते, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. आणि कथनातून लैंगिक अत्याचार उघड झाला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्यास तो कळला त्याने विशेष बालपोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. म्हणून ‘तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलास पहिल्या दिवशी देऊ नये. ‘तुझ्या जिवास धोका असेल तर मी मदत बोलावीन, आणि बोलावण्यापूर्वी तुला सांगेन,’ असे म्हणावे. मुले ह्या अटीवर बोलतात.